वनोपज तपासणी नाका आणि संगणकाची मेमरी

१/७
आलापल्लीच्या जंगलातील सागवान बल्लारपूरकडे निघाले की लाकडावर हातोड्याची खूण आणि गाडीसोबत वाहतूक परवाना असावा लागतो. वनोपज तपासणी नाक्यावर तो दाखविल्याखेरीज गाडी पुढे सरकत नाही. चालक प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्नच तेथे गौण ठरतो. संगणकाच्या जगाने हे साधे शहाणपण कसे उशिरा स्वीकारले, त्याची ही कथा.

२/७
१९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत ‘सी’ भाषा घडविली. मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. दहा कप्पे मागून अकराव्यात लिहिले, किंवा परत केलेला कप्पा पुन्हा वापरला, तरी ‘सी’ अडवीत नाही. त्या काळच्या तुटपुंज्या यंत्रांसाठी ही मोकळीक योग्यच होती.

३/७
तिची किंमत पुढे कळली. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ने हजारो संगणक जायबंदी केले. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती नेमलेल्या जागेत न मावणारा मजकूर पाठविण्याची.

४/७
पुढे हे संकट आपल्या किनाऱ्यालाही लागले. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या हल्ल्यामुळे न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. तो पसरण्याचा एक मार्ग विंडोजमधील जुन्या दोषाचा होता: आकाराचे गणित चुके आणि मजकूर नेमलेल्या जागेबाहेर सांडे. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती सर्वत्र पोहोचली नव्हती.

५/७
‘प्रोग्रामरने काळजी घ्यावी’ हे यावरचे जुने उत्तर. परंतु मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये सांगितले की त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरवापराचे असतात. निष्णात माणसांकडूनही एवढे दोष राहत असतील, तर उणीव केवळ माणसांत नाही. नाका नसण्यात आहे.

६/७
ग्रेडन होर यांनी सुरू केलेल्या आणि मोझिलाने जोपासलेल्या ‘रस्ट’ची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. तीत प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो. उसने घ्यायचे तर एका वेळी अनेकांनी केवळ वाचावे, अथवा एकानेच बदलावे. नियम मोडला तर कंपायलर प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. ‘अनसेफ’ नावाची पळवाट आहे, पण तिच्यावर ठळक खूण असते; तपासणाऱ्याला नेमके कोठे पाहायचे ते कळते.

७/७
‘जुना सगळा कोड पुन्हा कोण लिहिणार?’ हा आक्षेप रास्त आहे. मात्र अँड्रॉइडने भर दिला तो नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिण्यावर. तेथील दोषांत मेमरीच्या दोषांचा वाटा २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: वीजकेंद्रे, रुग्णालये, बंदरे यांसाठी सॉफ्टवेअर घेताना शासनाने निविदेतच विचारावे, ‘कोणता भाग कोणत्या भाषेत लिहिला, आणि का?’ सागाच्या ओंडक्याला परवाना मागणाऱ्या राज्याने एवढे विचारणे अवघड नाही.