वडिलांची गाडी दान करताना

अमेरिकेत वडील गेले की मुलांपुढे घराचा आणि बँकेतल्या शिल्लकीचा प्रश्न असतोच. पण काही घरांत त्याहून अवघड प्रश्न गॅरेजमध्ये उभा असतो. कापडी आच्छादनाखाली जपलेली, दर रविवारी पुसून लख्ख केलेली आणि वर्षातून दोन-चारदाच रस्त्यावर आलेली मोटार! विकायला मन होत नाही आणि ठेवायला जागा नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘एखाद्या धर्मादाय संस्थेला देऊन टाका. त्यांचं भलं होईल, शिवाय करातही सूट मिळेल.’ सल्ला चांगलाच आहे. पण गाडी ‘मसल कार’ असली, तर त्यात एक मेख आहे.

ही मसल कार म्हणजे काय प्रकरण? 1964 च्या हंगामात पाँटियाक कंपनीने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं, सुमारे 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन बसवलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. मूळ कंपनी जनरल मोटर्सच्या नियमात मध्यम गाडीला एवढं इंजिन बसत नव्हतं. तेव्हा जास्तीचे तीनशेएक डॉलर भरून घ्यायची ‘ऐच्छिक सोय’ असं कागदावर दाखवून पाँटियाकने पळवाट काढली. पहिल्याच वर्षी 32 हजारांवर गाड्या खपल्या. मागोमाग चार्जर, चेव्हेल, कुडा अशा एकीहून एक दांडग्या गाड्या आल्या. 1970 च्या एका चेव्हेलचं इंजिन तर 450 अश्वशक्तीचं होतं. आपली अॅम्बॅसडर त्या काळात दीड लिटरच्या इंजिनावर अख्ख्या कुटुंबाचा भार ओढत होती!

विम्याचे चढे हप्ते, धुराचे कडक नियम आणि 1973 ची तेलटंचाई यांनी ही चैन संपवली. बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या. ज्या उरल्या, त्यांना मात्र सोन्याचा भाव आला. 1971 सालच्या उघड्या टपाच्या हेमी कुडा जेमतेम 11 बनल्या होत्या. त्यातली एक 2014 मध्ये सिअॅटलच्या लिलावात 35 लाख डॉलरला गेली. प्रत्येक गॅरेजात असा खजिना नसतो, हे खरं. पण वडिलांनी तीन-साडेतीन हजारांना घेतलेली गाडी आज पन्नास-साठ हजारांची असू शकते.

अमेरिकेत जुनी गाडी दान करणं ही रोजची गोष्ट आहे. फोन केला की ओढून नेणारा ट्रक दारात येतो आणि हातात पावती पडते. पण पुष्कळ संस्था हे काम स्वतः करत नाहीत. मधली एखादी कंपनी गाडी उचलते, घाऊक लिलावात विकते, आपला खर्च आणि वाटा कापून घेते आणि उरलेलं संस्थेला देते. अमेरिकी संसदेच्या हिशेब-तपासनिसांनी 2003 मध्ये अशा 54 दानांचा माग काढला. जवळजवळ दोन तृतीयांश प्रकरणांत, दात्याने करासाठी दाखवलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या पदरात पडली होती. दात्यांनीही किमती फुगवल्या होत्या, हे उघडच आहे. म्हणून 2005 पासून नियम बदलला. वजावट 500 डॉलरहून मोठी दाखवायची, तर संस्थेने गाडी जेवढ्याला विकली, साधारणपणे तेवढीच रक्कम धरायची. विक्रीनंतर तीस दिवसांत संस्थेने दात्याला तसं लेखी कळवायचं.

साध्या जुन्या गाडीचा हिशेब इथे संपतो, कारण तिची किंमत घसरलेली असते. मसल कारची चढलेली असते आणि मेख तिथेच आहे. समजा, एखाद्याने 1969 मध्ये 3,500 डॉलरला गाडी घेतली आणि आज ती कॅन्सरग्रस्त मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली. संस्थेने ती 60 हजारांना विकली, तरी दात्याला वजावट मिळते ती 3,500 चीच! दाता जिवंत असताना मधल्या वाढीवर कर भरलेला नसतो, त्यामुळे सरकार त्या वाढीवर सूट देत नाही. तीच गाडी ज्या संस्थेच्या कामातच वापरली जाईल तिथे दिली, म्हणजे मोटारींच्या संग्रहालयाला किंवा गाड्यांची दुरुस्ती शिकवणाऱ्या कॉलेजला, तर अधिकृत मूल्यांकन करून पूर्ण किंमत दाखवता येते. मात्र त्यांनी ती तीन वर्षांच्या आत विकून टाकली, तर सवलत परत जाऊ शकते.

म्हणजे दात्याचा फायदा एकीकडे आणि आजारी मुलांची गरज दुसरीकडे. पुष्कळ घरांत बोलणी अडतात ती इथेच, आणि अडली तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वारसाने मिळालेल्या गाडीची गोष्ट मात्र सोपी आहे. तिची किंमत वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी जी होती ती धरली जाते. लगेच विकली तर करपात्र नफा फारसा उरत नाही. अशा वेळी मुलांनी स्वतः नीट भाव काढून गाडी विकावी आणि पैसे संस्थेला द्यावेत, हेच शहाणपणाचं. मधल्या कंपनीचा वाटाही वाचतो. (आपल्याकडे वस्तूच्या रूपात दिलेल्या दानाला प्राप्तिकरात सूट नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना ही सगळी आकडेमोड नवलाचीच वाटेल.)

कुठलाही मार्ग धरला, तरी आधी कागद शोधायला हवेत. 1964 आणि 1965 च्या गाडीवरच्या नंबरावरून ती अस्सल जीटीओ आहे की साधी टेम्पेस्ट सजवून केलेली नक्कल, हे कळत नाही. कागदच बोलतात. जुनं बिल, दुरुस्तीच्या पावत्या आणि कधी कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला कारखान्यातला तपशिलाचा कागद! अडगळ समजून मुलं हेच आधी फेकतात आणि मग साठ हजारांची गाडी ‘जुनी, चालू स्थितीतली’ एवढ्याच वर्णनाने घाऊक लिलावात उभी राहते.

अशा गाड्यांचं चीज करणारी एक जागा कॅन्सस राज्यात आहे. मॅकफर्सन कॉलेजात जुन्या गाड्या पूर्ववत करण्याचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालतो. त्याची सुरुवात 1976 मध्ये झाली तीच गावातल्या एका व्यावसायिकाने संग्रहातल्या गाड्या देऊन टाकल्या म्हणून. तिथल्या विद्यार्थ्यांनी नव्याने उभी केलेली 1953 ची मर्सिडीज 2023 मध्ये पेबल बीचच्या प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात आपल्या वर्गात दुसरी आली.

गाडी कुणालाही द्या, मालकीचा कागद मृताच्या नावावरून रीतसर बदलून घ्यायला हवा. घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून सही करू नये आणि गाडी दिल्याचं मोटार-खात्याला कळवावं, नाहीतर पुढचे दंड जुन्या मालकाच्या पत्त्यावर येत राहतात. बऱ्याच राज्यांत नंबर प्लेट मात्र काढून घेता येते. ती पुष्कळांच्या गॅरेजच्या भिंतीवर लागते.