पाटी नको, मुलांचे हात पाहा

मूल तीन वर्षांचं होत आलं की घरात बालवाडीचा विषय निघतो. बाहेर पाहाल तर कितीतरी पाट्यांवर ‘माँटेसरी’ लिहिलेलं. पैसे भरायची घाई करू नका. ते नाव कुणीही लावू शकतं.

मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालघर उघडलं. आईबाप कामाला जायचे आणि पोरं दिवसभर राहत्या इमारतीत मोकाट हिंडायची. त्या पोरांसाठी माँटेसरी पद्धत आली. तेव्हा जास्त फी म्हणजे चांगली शाळा, असं समजू नका. कर्ज तर मुळीच काढू नका.

आपल्याकडे हीच वाट धरून गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्या सोबतीला गेल्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधनं खेड्याला कुठली परवडायला? शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन मुलं शिकली. जी मुलं बालवाडीत येईनात, त्यांच्या पाड्यावर या बाया स्वतः गेल्या. मला हे फार मोठं वाटतं.

आता शाळा बघायला जाल तेव्हा तासभर कोपऱ्यात बसू द्या म्हणा. नाहीच म्हणाले, तर दुसरी शाळा बघा.

बसल्यावर मुलांचे हात पाहा. साधनं हाताला येतील अशी ठेवलीत, की कपाटात कुलूपबंद आहेत? काय घ्यायचं ते मूल स्वतः ठरवतं का? तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र आहेत का? बाई हळू बोलतात का? तीन वर्षांच्या मुलाकडून पानंच्या पानं गिरवून घेत असतील, तर पाटीवर काहीही असो, तिथे घालू नका.

जवळची अंगणवाडीही याच नजरेने बघून या.

आणि घरी आजपासून सुरू करा. मुलाला मटार सोलायला द्या. छोट्या तांब्यातून पाणी ओतू द्या. सांडेल. रागावू नका, हातात फडकं द्या. सदऱ्याची बटणं त्याची त्याला लावू द्या. सकाळी तुमची घाई असते, मला कळतं. मग रविवारी लावू द्या.