सूत्र म्हणतं २० मिनिटे, विमान घेतं ४० मिनिटे!



'चाल = अंतर ÷ वेळ' हे सूत्र आपली मुलं घडाघडा म्हणतात. उदाहरण मात्र कुठलंतरी असतं : 'एक विमान ताशी ८०० किमी वेगाने जाते...' कुठलं विमान, कुठून कुठे, कुणालाच माहीत नाही. आणि विमानतळ तर आपल्याच जिल्ह्यात आहे! कोपरगाव तालुक्यातील काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. मग गणित तिथूनच का घेऊ नये?

शिर्डी ते मुंबई रस्त्याने साधारण २४० किमी. सरळ रेषेत, विमानतळ ते विमानतळ, सुमारे १७० किमी. सातवीच्या विज्ञानातील 'अंतर' आणि 'विस्थापन' यांतला फरक इथेच समजतो.

आता पुढचा प्रश्न. पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किमी वेगाने गेलं तर किती वेळ लागेल? मुलं सांगतील, सुमारे २० मिनिटे. पण ही सेवा सुरू झाली तेव्हा प्रवास साधारण ४० मिनिटांचा सांगितला जात होता. मग सूत्र चुकलं का? नाही. विमान सुटल्याबरोबर ताशी ५०० ने पळत नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, ठरलेल्या हवाई मार्गाने वळणं, उतरण्यासाठी रांगेत थांबणं, या सगळ्यात वेळ जातो. म्हणजेच सर्वाधिक चाल वेगळी आणि सरासरी चाल वेगळी.

अजून एक पायरी पुढे जाऊ. नगर शहरातल्या घरातून काकडीला पोहोचायला दोन तास, विमानाआधी एक तास, विमानात ४० मिनिटे, मुंबईत उतरून बाहेर पडायला एक तास धरू. एकूण ४ तास ४० मिनिटे. नगर ते मुंबई सरळ रेषेत अंदाजे २०० किमी. भागाकार करा : ताशी जेमतेम ४३ किमी. ही तर आपल्या दुचाकीची चाल! हेच गणित दिल्लीसाठी करून पाहा. तिथे सरळ अंतर हजार किमीच्या आसपास आहे. घर ते विमानतळ हा वेळ तेवढाच राहतो, म्हणून लांबच्या प्रवासात विमान खरोखर फायद्याचं ठरतं.

माझं मत स्पष्ट आहे. उत्तर बरोबर आलं की आपण बरोबरची खूण करून पुढे जातो, तिथेच शिकणं थांबतं. 'हे उत्तर प्रत्यक्षात पटतं का?' हा प्रश्न प्रत्येक उदाहरणानंतर विचारायलाच हवा. पालकांनीही मोबाईलवर अंतर आणि वेळ दिसली की तिथे थांबू नये. 'हे अंतर रस्त्याचं की सरळ रेषेतलं? हा वेळ कुठून कुठपर्यंतचा?' एवढं मुलांना जरूर विचारावं. पुढे जाहिरातीतला प्रत्येक आकडा तपासायची सवय त्यांना इथूनच लागेल.

उद्याच्या तासाला फळ्यावर 'काकडी ते मुंबई' लिहून तर बघा!