गोपनीय, पण कोणापासून?

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या मुलीचे बारसे झाले. भाचा हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत आहे. कामाच्या धबडग्यात त्याने ऑफिसातूनच सगळ्या नातेवाइकांना विरोप पाठवला. आता मी पडले जुनी मास्तरीण, आलेले प्रत्येक पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. पहिलीच ओळ होती, 'गोपनीय'. मग 'गुरुवारी बारशाला सर्वांनी यावे'. आणि खाली अकरा ओळींची इंग्रजी तंबी, की हा मजकूर तुमच्यासाठी नसेल तर वाचू नका, कोणाला दाखवू नका, ताबडतोब नष्ट करा. सोबतची पत्रिका तर उघडेचना. ती कुलूपबंद होती.

मी फोन लावला. "अरे, बारसं गोपनीय आहे का? मी तर आळीभर सांगून बसले!"

तो हसला. म्हणाला, "अगं आत्या, आमच्याकडे लेबल लावल्याशिवाय मेल जातच नाही. सार्वजनिक, अंतर्गत, गोपनीय, अतिगोपनीय, यांतलं एक निवडावंच लागतं. मी सगळ्याला गोपनीयच लावतो. त्यावरून कोणी बोलत नाही. कमी लावलं तर मात्र खुलासा द्यावा लागतो."

त्याच्या या शेवटच्या दोन वाक्यांत सगळे दुखणे आले आहे, म्हणून आज हे लिहायला बसले. कमी लावले तर खुलासा आणि जास्त लावले तर शाबासकी नसली तरी निदान शांतता, असा हिशेब असेल तर शहाणा माणूस काय करील? बारसेसुद्धा गोपनीय करील.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. कागदावर गोपनीय लिहिणाऱ्याने त्याच कागदावर हेही लिहायला हवे, की कोणापासून गोपनीय, कशासाठी, आणि कधीपर्यंत. खाली स्वतःची सही. हे लिहिता येत नसेल तर शिक्का उचलू नये.

कोणी म्हणेल, बाईंना गुपितांचे वावडे आहे. मुळीच नाही. मी आयुष्यभर एक गुपित दरवर्षी सांभाळले आहे, ते म्हणजे दहावीची प्रश्नपत्रिका. परिरक्षक केंद्रावरून सीलबंद पाकिटे यायची. केंद्रसंचालक सील तपासायचे, सह्या व्हायच्या, वेळेआधी पाकिटाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. आणि अकराची घंटा झाली की तेच गुपित शेकडो मुलांच्या हातात. संध्याकाळी एसटी स्टँडवर लोक त्याची उत्तरे ताडून पाहत. मला विचाराल तर गोपनीयतेचा आदर्श हाच. कोणापासून? परीक्षार्थींपासून. कशासाठी? सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून. कधीपर्यंत? अकरा वाजेपर्यंत. एका मिनिटाने जास्त नाही.

आता याच शाळेतले दुसरे गुपित सांगते, आमचा गोपनीय अहवाल. सरकारी नोकर आणि मास्तर मंडळी नुसते 'सीआर' म्हटले तरी ओळखतील. वर्षाअखेर वरिष्ठाने खालच्याबद्दल शेरे लिहायचे आणि लिफाफा बंद करायचा. बढती आणि निवड श्रेणी त्या लिफाफ्यावर अडायची. पण ज्याच्याबद्दल लिहिले त्याला तो दिसत नसे. खासगी शाळांसाठी १९८१ साली सेवाशर्तींची नियमावली आली, तीत प्रतिकूल शेरा असेल तर तो कर्मचाऱ्याला लेखी कळवावा असे स्पष्ट आहे. नियम कपाटात असायचा, आणि अहवाल त्याच्याही मागच्या कप्प्यात.

माझ्यावरही कोणी काही लिहिले असेल, पण ते रडगाणे आज गायचे नाही. मी काय लिहिले ते सांगायचे आहे. मी पर्यवेक्षिका होते तेव्हा शेऱ्यांचा कच्चा मसुदा मी करून देत असे. एका वर्षी एका तरुण शिक्षकाबद्दल मी लिहिले, 'वेळेबाबत बेफिकीर. वर्गावर नियंत्रण कमी.' खोटे नव्हते. पहिला तास तो बहुधा उशिराच घ्यायचा. पण मी त्याला बोलावून विचारले नाही. लिहून मोकळी झाले, कारण वर 'गोपनीय' असे छापलेले होते. त्या एका शब्दाने मला केवढी सोय करून दिली होती! समोर बसवून जे बोलायचे धैर्य नव्हते ते मी पाठीमागे लिहिले. शेरा त्याला कोणी कळवला नाही. पुढे त्याची निवड श्रेणी रखडली. त्यात त्या शेऱ्याचाही वाटा होता हे मला माहीत होते. तो मात्र वर्षभर फेऱ्या मारत राहिला, काय अडले आहे ते न कळता.

हे माझ्या मनात वीसेक वर्षे पडून होते. बारशाचा विरोप आला आणि खपली निघाली. मी त्याचा नंबर मिळवला, फोन केला आणि सगळे सांगितले. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बाई, त्या साली वडील अंथरुणाला खिळलेले होते. सकाळी त्यांचं सगळं करून निघायचो. तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर मी दुसरा तास मागून घेतला असता."

एवढेच. रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते.

म्हणून मी म्हणते, पहिला प्रश्न 'कोणापासून' हाच. प्रश्नपत्रिका जिच्यापासून जपायची त्यांच्यापासूनच जपली जात होती. माझा शेरा मात्र जगापासून नव्हे, ज्याचा होता त्याच्यापासूनच लपवलेला होता.

आमच्या विंचूरच्या माणसाला हे बाजाराच्या भाषेत लगेच कळेल. माझे वडील जुन्या बाजारांतल्या हत्ता पद्धतीच्या गोष्टी सांगायचे. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे, बोटे दाबून भाव ठरायचा. शेजारी शेतकरी उभा. माल त्याचा, घाम त्याचा, आणि रुमाल त्याच्याच डोळ्यांपुढे धरलेला. बाजार समित्यांच्या कायद्यांनी तो रुमाल काढला आणि उघड लिलाव आला. आज आमच्या आवारात कांद्याचा भाव सगळ्यांदेखत पुकारला जातो. भाव पडतो तेव्हा शेतकरी रडतो, चिडतो, रस्ताही अडवतो. पण निदान काय भाव निघाला ते त्याला ऐकू येते. ऑफिसातला 'गोपनीय' हा शिक्का पुष्कळदा तोच रुमाल असतो.

हे चुटपुट कागदांचेच झाले असे कोणी समजू नये. मोठा कागद सांगते. १९६२ साली चीनकडून आपला पराभव झाला. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत आमच्या नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. मी तेव्हा बारा वर्षांची. नाशिकचा खासदार देशाचे रक्षण करतो, हा अभिमान घराघरांत होता. पराभव का झाला याची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. अहवाल १९६३ मध्येच तयार झाला आणि २ सप्टेंबरला यशवंतरावांनी त्यावर लोकसभेत निवेदनही केले. पण मूळ अहवालावर 'अतिगोपनीय' शिक्का बसला तो बसलाच. २०१० साली केंद्रीय माहिती आयोगाने कुलदीप नय्यर यांनाही तो देण्यास नकार दिला. त्याच वर्षी संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले, की त्यातील मजकूर आजही लष्करी दृष्ट्या महत्त्वाचा आहे. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग महाजालावर टाकून दिला. म्हणजे तो भाग आता चीनलाही वाचता येतो आणि मलाही वाचता येतो. सरकारने मात्र तो अजून प्रसिद्ध केलेला नाही.

आता विचारा, कोणापासून? शत्रूपासून म्हणावे तर त्याला काय करायचे ते त्याने १९६२ मध्येच केले. उरलो आपण. ज्यांची मुले त्या बर्फात गेली ती घरे.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. इंग्रजांनी १९२३ साली शासकीय गुपिते कायदा केला आणि जाताना तो आपल्या गळ्यात घालून गेले. मंत्री आजही पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. २००६ साली दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने शिफारस केली, की गोपनीयतेच्या जागी पारदर्शकतेची शपथ घ्या. ती शिफारस कागदावरच राहिली. पण २००५ चा माहितीचा अधिकार आला. त्याआधी आपल्या महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता, आणि त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते हे आपल्या पिढीला आठवत असेल. २००५ च्या कायद्याची मला आवडणारी गोष्ट ही, की तो शिक्का विचारत नाही, कारण विचारतो. कागदाचा एखादा भाग द्यायचा नसेल तर तेवढा झाका आणि बाकीचा द्या, असे त्याचे दहावे कलम सांगते. लोकहित मोठे असेल तर गुप्त मजकूरही देता येतो. वीस वर्षांनंतर नकाराची बहुतेक कारणे गळून पडतात. आणि १९२३ च्या कायद्याशी विरोध आला तर हाच कायदा वरचढ, असे बाविसावे कलम म्हणते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद, नुसती वाईटच नव्हे तर चांगलीसुद्धा, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे असे ठरवले. त्या दिवशी मी पेपर पुन्हा पुन्हा वाचला होता. का, ते आज तुम्हाला कळले.

पण रुमाल परत येऊ पाहतो आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातला खासगी माहितीचा नियम बदलला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल लागू झाला. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे पाहावे लागे. जे संसदेला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, असेही त्यात होते. आता नुसते 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले. लोकहिताचे कलम शिल्लक आहे, पण ते वापरायचे की नाही हे ठरवणार साहेब. भाच्याचाच हिशेब इथेही चालेल. दिले तर खुलासा, नाकारले तर शांतता.

आणि गंमत पाहा, जे खरोखर जपायचे ते उघड्यावर पडलेले असते. परवा तीनपाटीवर भेळ घेतली. पुडा सोडला तर कोणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स! नाव, पत्ता, फोटो, नंबर, सगळे चिंचेच्या पाण्याने भिजलेले. त्या बिचाऱ्या बाईच्या कागदावर कोणी शिक्का मारला नव्हता. शाळेतही मुलांची फी माफ झाली की यादी फळ्यावर लागायची. कोणाच्या घरी किती गरिबी ते सगळ्या वर्गाला कळायचे, आणि मुख्याध्यापकांच्या प्रवासभत्त्याची फाइल मात्र गोपनीय.

हे भाच्याला सांगितले तर तो म्हणाला, "आत्या, तुझं पटतं. पण आमच्याकडे लोकांच्या बँकेची, आजारपणाची माहिती असते. ती फुटली तर माणसं उद्ध्वस्त होतील. लेबल नको कसं म्हणतेस?"

बरोबर आहे त्याचे. म्हणूनच तर म्हणते. रोग्याच्या कागदावर आणि बारशाच्या पत्रिकेवर एकच लाल शिक्का असेल तर तुमच्या ऑफिसातला नवा मुलगा कोणत्या कागदापाशी सावध होईल? वर्गात मी रोज छडी आपटली असती तर मुलांनी तिसऱ्या दिवशी लक्ष देणे सोडले असते. तुमच्या कंपनीने कमी लेबल लावणाऱ्याला खुलासा विचारावा, अवश्य विचारावा. पण जास्त लावणाऱ्यालाही विचारावा. तू बारसे गोपनीय का केलेस, याचेही उत्तर घ्यावे. असे दोन महिने केले तर निम्मे शिक्के आपोआप उतरतील आणि उरलेल्यांना किंमत येईल.

असो. भाच्याने पुढचा विरोप 'सार्वजनिक' लिहून पाठवला. त्यात बाळाचे फोटो होते. मी त्याला कळवले, की बाबा रे, हे मात्र घरातच राहू दे. ते तिचे आहेत. मोठी झाली की तिलाच ठरवू दे.

त्या शिक्षकाचे नाव इथे लिहिलेले नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. शाळेचेही नाही. ते गोपनीय आहे, तुम्हा सर्वांपासून. त्याने परवानगी दिली ती मी केलेली चूक सांगायची, नाव सांगायची नाही. तो ज्या दिवशी म्हणेल त्या दिवशी लिहीन.