बर्म्युडा आणि भोपळा

मराठी भाषेनं भोपळ्यावर जितका अन्याय केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही भाजीवर केलेला नाही. पोराला गणितात शून्य मिळालं की भोपळा. खेळाडू धाव न काढता परतला की भोपळा. भ्रम फुटतो तोही भोपळ्याचाच. दोन भाऊ एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले, की विळ्याबरोबर पुन्हा हाच साक्षीला. हे सगळं मी आजवर निमूट ऐकून घेतलं. पण परवा पुतण्यानं कुंपणावरचा माझा वेल दाखवून म्हटलं, "काका, हे गावंढळ प्रकरण तेवढं काढून टाका. बंगल्याची शोभा जाते." तेव्हा मात्र गप्प राहणं अशक्य झालं.

बंगला आमच्या उमापुरातला. बीड जिल्हा, गेवराई तालुका. तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते, हे नकाशात पाहून बरं वाटतं. पण मे महिन्यात हंड्याला नकाशाचा उपयोग नसतो. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीनं भोगला. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांनीच पाहिलं. अशा मुलखात या चिरंजीवांनी दारापुढे अर्धा गुंठा हिरवळ अंथरली. गाद्या आणतात तशी ट्रकमधून आणली.

मी वाकून पाहिलं. म्हटलं, "अरे, ही तर हराळी!"

"हराळी नाही काका, बर्म्युडा."

बर्म्युडा म्हणजे अर्धी चड्डी, एवढंच मला आजवर ठाऊक. शेतकीच्या पुस्तकात पाहिलं, तर नाव परदेशी, गवत तेच! जी हराळी रानातून खणून काढता काढता माझ्या वडिलांची कंबर मोडली, ती त्यांच्या नातवानं रोख पैसे मोजून आणली आणि वर तिला पाणी पाजायला गडी ठेवला. गडी मला म्हणाला, "गुरुजी, सकाळी रानात हिला खंदायचं अन् संध्याकाळी हितं पाणी पाजायचं. मजुरी दोन्हीकडं मिळती, आपलं काय जातंय!"

आता हिशेब ऐका. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायची तर रोज पाच मिलिमीटर तरी हवं. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. म्हणजे रोज २५० लिटर. माझ्या वेलाच्या आळ्यात संध्याकाळी दोन बादल्या, त्याही भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या. वर पाचट अंथरलं की ओल टिकते. आळ्यात आपोआप येणारी घोळ आणि तांदुळजा आम्ही तण म्हणून उपटतो आणि भाजी म्हणून खातो. गाजरगवताला तेवढी माफी नाही. ते फुलोऱ्याआधी मुळासकट काढायचं. बाकीच्या तणाचा बंदोबस्त वेलाची मोठाली पानंच करतात.

"पण पाणी माझ्या बोअरचं आहे," पुतण्या म्हणाला. कबूल. पाइप त्याचा, मोटर त्याची, विजेचं बिलही त्याचंच. खालचं पाणी मात्र अजून कोणाच्या सातबारावर चढलेलं नाही. याची मोटर सुरू झाली की शेजारच्या हातपंपाला खोकला होतो.

हिरवळीनं डोळ्यांना थंडावा मिळतो, हे मला मान्य आहे. पण वेल पत्र्यावर चढवला, तर डोळ्यांना, पत्र्याला आणि पत्र्याखालच्या माणसांना एकदमच थंडावा मिळतो. शिवाय पिकलेला लाल भोपळा फ्रीजवाचून दोन-तीन महिने फळीवर बसून राहतो. हिरवळीची भाजी कोणी खाल्ल्याचं ऐकिवात नाही.

जिथं माणसं टँकरची वाट पाहतात, तिथं शोभेसाठी पाणी उपसणं हा निर्लज्जपणा आहे. मग बोअर स्वतःचं का असेना. गणपतीला एकवीस दूर्वा लागतात, तेवढी हराळी ठेवा. बाकीची खणा आणि भोपळा लावा.

पुतण्याला अर्थातच पटलं नाही. काल सूनबाई मात्र कुंपणाशी येऊन हळूच म्हणाल्या, "काका, घारग्यांना एखादा भोपळा द्याल का?"

दिला. बिया फेकू नका, एवढं सांगितलं.