शनिवार तेल्यांची वंशावळ

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे बेने इस्रायल समाज पिढ्यानपिढ्या सांगत आला आहे. ते जहाज कोणत्या शतकातले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेल्यांपाशी धर्मग्रंथ उरले नव्हते; उरले ते आचार. शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाण्यापिण्यातील काही निषेध आणि ‘शेमा’ ही एवढीच प्रार्थना. घाण्यावर पोट असलेल्या या लोकांचा घाणा शनिवारी फिरत नसे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यापलीकडे चौकशी करण्याची गरज कोकणात कोणास वाटली नाही. गावांवरून दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी आडनावे पडली. घरात मराठी, नवसाला एलियाहू हनाबीचा मलिदा. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि हा समाज मोठ्या संख्येने तिकडे निघाला. छळामुळे नव्हे, भारतात त्यांना तो कधीच सोसावा लागला नव्हता. ओढ होती ती प्रार्थनेत रोज घेतलेल्या नावाची. चौकशीचा प्रसंग आला तो तेथे.

इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. १९६१ मध्ये धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह वैध असल्याचा निर्वाळा दिला. परंतु १९६२ च्या आरंभी निघालेल्या सूचनांनी तो जवळजवळ परत घेतला. वधू किंवा वर या समाजातील असेल, तर आई, आजी आणि त्यामागे जाता येईल तेवढ्या पिढ्यांची चौकशी करावी, असे नोंदणी करणाऱ्या रब्बींना कळविण्यात आले. पूर्वजांत कोणी परधर्मीय होते काय? घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाला होता काय? शास्त्राप्रमाणे घटस्फोट न होता पुन्हा विवाह केलेल्या स्त्रीच्या संततीवर त्या कायद्यात मोठे निर्बंध आहेत. आता रोह्याच्या किंवा पेणच्या पणजीचा कागद कोठून आणावा? ज्या गावी सगळे एकमेकांना ओळखत, तेथे कोणी दाखले जपले असतील, अशी अपेक्षाच गैर होती.

विशेष असे की, त्या वेळचे प्रमुख रब्बी यित्झाक निसीम हे स्वतः बगदादचे. त्यामुळे हा वाद नुसता युरोपीय गोरे व पौर्वात्य काळे असा नव्हता, जरी सोसणाऱ्यांना तो तसाच भासला. मुंबईतही बगदादी ज्यूंनी बेने इस्रायलांना अंतरावरच ठेवले होते. आणि खुद्द बेने इस्रायलांत ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होताच, हेही मान्य केले पाहिजे.

१९६४ च्या उन्हाळ्यात समाजाच्या स्त्रीपुरुषांनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक भरली. लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. महिनाअखेरीस धर्मपीठाने सूचनांतून समाजाचे नाव काढले. त्याजागी ‘ज्यांच्याविषयी शंका आहे असे कोणीही’ असे शब्द घातले. नाव गेले, चौकशीची तरतूद राहिली. पुढे इथिओपियातून आलेल्या ज्यूंवरही हीच पाळी आली. १९७३ मध्ये रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना ज्यू मानले, तरी प्रतीकात्मक धर्मांतराचा आग्रह काही वर्षे चालूच राहिला.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांत ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंश आढळले. धर्मशास्त्राला त्याचा उपयोग थोडा. ते रक्ताचे प्रमाण मोजत नाही, आई कोण एवढेच विचारते. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तोवर बहुतेक समाज निघून गेला होता. अश्दोद, लोद, दिमोना येथील त्यांच्या घरी विवाहापूर्वी मेंदीचा समारंभ होतो, आणि नवस फेडताना ताटात पोह्यांचा मलिदा असतो.