‘ढ’ कोण : मूल की शासन?

जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखाद्या मुलाला ऐकलेले सारे समजते, पण छापील ओळ वाचताना अक्षरे जुळत नाहीत. त्याची रवानगी मागच्या बाकावर होते. गाव त्याला ‘ढ’ ठरवते. हीच अडचण शहरातील सुखवस्तू घरात उद्भवली की तज्ज्ञ गाठले जातात, प्रमाणपत्र मिळते, परीक्षेत जादा वेळ मिळतो. अडचण एकच, न्याय मात्र खिशाप्रमाणे!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ निःसंदिग्ध आहे : अध्ययन-अक्षमता लवकरात लवकर हुडकून योग्य अध्यापनाची तजवीज करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांची आहे. ती पार पाडण्याऐवजी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही जो उतरणार नाही, त्याला त्याच वर्गात ठेवावयाचे! ज्याची अडचण कोणी तपासलीच नाही, त्यानेच शासनाच्या कर्तव्यच्युतीची शिक्षा भोगावयाची काय?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यकर्त्यांनी त्यांना साथ देऊन प्रत्येक समितीत एकच प्रश्न उभा करावा : कलम १६ प्रमाणे या शाळेत तपासणी केव्हा झाली? उत्तर मिळेपर्यंत एकाही मुलाला नापास करण्याचा नैतिक अधिकार शासनाला नाही.